पेपर पाचवीचा, तास बुडाला दुसरीचा

आलेलं पत्र:

«सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात आम्ही राहतो. मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत. दोघंही गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळा पाचवीपर्यंत, शिक्षक दोन. दोघंही मनापासून शिकवतात, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण शाळा सुरू झाली की पायाभूत चाचणी, तिच्याआधी आठवडाभर सराव. मग घटक चाचणी, मग संकलित, तिचाही सराव. मध्येच नवोदयची तयारी. दिवाळीची सुट्टी लागली तरी मुलीचं परिसर अभ्यास भाग दोनचं पुस्तक अश्मयुगाच्या पुढे गेलेलं नव्हतं. खेळाचा तास तर विसरलाच. (मुलाला चाचणी नसते, तो त्या दिवसांत चित्रं रंगवून घरी येतो.) चाचणीच्या दिवशी मुलीला घरी ठेवलं तर चालेल का? गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करू का? की सरळ तालुक्याला क्लास लावू? मिस्टर म्हणतात, परीक्षा नसेल तर पोरं पुस्तक उघडायची नाहीत. त्यांचंही अगदीच खोटं नाही. काय करू? — एक आई»

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. तीन प्रश्न विचारलेत ते तिन्ही मुलीबद्दलचे आहेत. त्यांच्याकडे येतेच, पण आधी मुलाबद्दल बोलू.

राज्याची नियतकालिक मूल्यांकन चाचणी, जिला शाळेत सगळे ‘पॅट’ म्हणतात, ती २०२४-२५ मध्ये तिसरी ते नववीच्या मुलांसाठी होती. पेपर पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद काढते. वर्षात तीन फेऱ्या: सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक आणि वर्षाअखेर संकलित दोन. विषय तीन: प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. लेखी असतं, तोंडीही असतं. तुमच्याकडे पहिली-दुसरीला ही चाचणी नाही, आणि नाही हे बरंच आहे.

आता तुमची शाळा डोळ्यांसमोर आणा. पाच इयत्ता, दोन शिक्षक. चाचणीच्या दिवशी तिसरी, चौथी आणि पाचवीचे तीन वेगवेगळे पेपर. एका शिक्षकाने लेखी सांभाळायची, दुसऱ्याने एकेका मुलाला जवळ बोलावून तोंडी घ्यायची. मग पहिली-दुसरीकडे कोण बघणार? कुणीच नाही. त्यांना खडू आणि कोरे कागद देऊन व्हरांड्यात बसवतात, आवाज करू नका म्हणून सांगतात. यात शिक्षकांचा दोष नाही. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक धरलेले आहेत, त्यामुळे तुमच्यासारख्या दोनशिक्षकी शाळा राज्यभर आहेत. चाचणीचं वेळापत्रक करताना मात्र प्रत्येक वर्गाला एक शिक्षक आहे असं गृहीत धरलेलं दिसतं.

आणि तो तास जातो तो कोणाचा, तर ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याचा. पहिली-दुसरीतच वाचन आणि अंक पक्के व्हायचे असतात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं ते नेमकं याचसाठी. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधी गणितं करता यावीत, आणि हे २०२६-२७ पर्यंत साधावं, असं त्याचं उद्दिष्ट आहे. एकीकडे हे अभियान आणि दुसरीकडे दुसरीतलं मूल मोठ्या मुलांच्या पेपरपायी व्हरांड्यात बसलेलं. मुलगी पेपर लिहीत असते तेव्हा ती निदान डोकं चालवत असते. मुलाचा दिवस मात्र खरोखरच वाया जातो. म्हणून शाळेत जाऊन काही मागायचंच असेल, तर पहिली मागणी त्याच्यासाठी करा. शिक्षणप्रेमी आजी-आजोबा, बारावी झालेली एखादी मुलगी, अंगणवाडीताईंच्या ओळखीतलं कुणी, असं माणूस त्या दोन-तीन दिवसांत पहिली-दुसरीला गोष्ट वाचून दाखवायला, काड्या मोजून घ्यायला मिळालं तरी पुष्कळ झालं. शाळेत मुख्याध्यापकांशी बोलून हे सहज ठरवता येतं, वरून परवानगी आणायला लागत नाही.

आता मुलीकडे वळू. तुम्हाला वाटतं चाचण्यांनी वर्ष खाल्लं. जरा हिशोब मांडू या. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. पॅटच्या तीन फेऱ्या, प्रत्येकी तीन पेपर, म्हणजे नऊ पेपर. एकेकाला तोंडीसकट दोन तास धरले तर १८ तास. ८०० पैकी १८ म्हणजे सव्वादोन टक्के. इतक्याने इतिहासाचं पुस्तक अश्मयुगात अडकून पडत नाही. पेपर झाल्यावर उरलेला दिवस नुसता गेला, तर मात्र नऊ दिवस गेले, म्हणजे ३६ तास. प्रत्येक फेरीआधी आठवडाभर सराव झाला तर आणखी १८ दिवस, ७२ तास. दोन्ही मिळून १०८ तास, म्हणजे साडेतेरा टक्के. याशिवाय पेपर तपासणं आणि प्रत्येक मुलाचे गुण ऑनलाइन भरणं. हे काम शाळेच्या वेळेत, रेंज येईल त्या कोपऱ्यात मोबाईल धरून होतं, तेव्हा वर्गावर शिक्षक असतो पण शिकवत नसतो.

म्हणजे वेळ चाचणीत जात नाही, चाचणीच्या आजूबाजूला जातो. हे कळलं की काय मागायचं तेही कळतं. ‘चाचणी बंद करा’ असं म्हणून उपयोग नाही, ते तुमच्या मुख्याध्यापकांच्या हातात नाही. सराव मात्र त्यांच्या हातात आहे. पायाभूत चाचणीचा सराव घ्यायचा, हे तर मला कधीच पटलेलं नाही. मागच्या इयत्तेतलं मुलाला काय येतं, काय येत नाही, हे वर्षाच्या सुरुवातीला समजावं म्हणून ती घेतात. आठवडाभर घोकून घेतलं तर काय समजणार? तापमापी लावण्याआधी ताप उतरवायचं औषध देण्यासारखं आहे ते. शाळेने सराव का घ्यावा वाटतो, हेही समजून घ्या. आसपासच्या शाळांचा गट म्हणजे केंद्र, त्याच्या बैठकीत शाळाशाळांचे आकडे शेजारी शेजारी मांडले जातात. कमी आकडा कुणाला नको असतो. पण पालकांनीच ‘आम्हाला खरा आकडा हवाय, कमी आला तरी चालेल’ असं सांगितलं, तर शिक्षकांना केवढा आधार मिळतो! कितीतरी शिक्षक या वाक्याची वाट बघत असतात.

एक माहिती जाता जाता. ज्या विषयांची पॅटची संकलित चाचणी होते, त्यांची शाळेने वेगळी संकलित परीक्षा घ्यायची नाही, अशी पेपर काढणाऱ्या राज्य परिषदेची सूचना असते. तुमच्याकडे दोन्ही होत असतील तर नम्रपणे विचारा. कधी कधी जुन्या सवयीने दोन्ही चालू राहतात.

मुलीला घरी ठेवू का? नको. एक तर राहिलेल्या मुलाची चाचणी शिक्षक नंतर वेगळी घेत बसतात, म्हणजे आणखी एक तास गेला, तोही सगळ्या वर्गाचा. दुसरं, पेपर अवघड वाटला की घरी राहायचं, असा समज दहा वर्षांच्या मुलीचा होऊ नये. आणि पाचवीत ती सवय परवडणारीही नाही. राज्याने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली आहे. त्यात कमी पडलं तर पुनर्परीक्षा आहे, आणि तीही जमली नाही तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. घाबरवायला हे सांगत नाही, तुमच्या मुलीचं तसं काही होईल असं पत्रावरून वाटत नाही. पण चाचणी टाळून काही मिळत नाही, चाचणीतून काहीतरी काढून घ्यायचं, असा माझा आग्रह आहे.

काय काढून घ्यायचं? उत्तरपत्रिका. माझ्या लेखी संपूर्ण प्रकरणाचं मर्म इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

समजा गणिताच्या पेपरात ४०३ मधून १७८ वजा करायला दिलेत. मुलीने उत्तर लिहिलं ३७५. गुण शून्य. पोर्टलवर शून्य गेला, निकालपत्रकात एकूण गुण आले, विषय संपला. आता ते ३७५ जरा निरखून बघा. चारातून एक गेला तीन. शून्य आणि सात, तिथे सात. तीन आणि आठ, तिथे पाच. म्हणजे प्रत्येक घरात तिने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, तो वर आहे की खाली हे न बघता. तिला वजाबाकी येते, हातच्याची वजाबाकी कळलेली नाही, त्यातही मध्ये शून्य आलं की शतक सुटं करून दशक आणायचे हे कळलेलं नाही. आणखी पन्नास गणितं सोडवून घेतली तरी ती पन्नास वेळा असंच करणार, कारण तिच्या मते तिचं बरोबर आहे. याउलट काड्यांचे गठ्ठे घेतले, शंभराचा एक गठ्ठा सोडून दहाचे दहा केले, त्यातला एक सोडून दहा सुट्या केल्या, की बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं की आता कळलं. अर्धा तास लागतो. आणि वर्गात ३७५ लिहिणारं एकच मूल नसतं, हमखास चार-पाच असतात. त्यांना एकत्र बसवलं की चाचणीवर घालवलेले दोन तास वसूल.

दुसरं एखादं मूल २३५ लिहील. त्याला हातचा कळलाय, फक्त सुट्यांसाठी एक दशक दिल्यावर दशकाच्या घरात नऊ उरतात हे ते विसरलं आणि दहातून सात वजा केले. त्याला काड्यांची गरज नाही, ‘दशकाकडे पुन्हा बघ’ एवढं सांगितलं तरी पुरे. दोघांना गुण सारखेच, शून्य. उपाय मात्र वेगळा. हा फरक निकालपत्रकात दिसत नाही, तो फक्त उत्तरपत्रिकेत दिसतो, आणि तो बघायला शिक्षकाला वेळ हवा. पॅट काय किंवा कुठलीही चाचणी काय, गुण भरले की काम झालं असं मानणारी व्यवस्था असेल तर तिच्यात गेलेला प्रत्येक तास वाया गेला, मग तो अर्धा असो की शंभर. पण पेपरनंतरचे आठ-दहा दिवस रोज थोडा वेळ त्या चुकांवर बसलं, तर तो तास अभ्यासाचाच होतो.

म्हणून चाचणी झाल्यावर आठवड्याने शाळेत जा. फाटकापाशी, मुलं सुटताना, सगळ्यांसमोर बोलू नका. वेळ विचारून जा. असं काहीसं म्हणा: ‘सर, गुण किती पडले ते नाही विचारत. हिची गणिताची उत्तरपत्रिका बघू का? कुठे अडतं ते तुम्ही सांगितलंत तर घरी तेवढंच घेईन.’ गुणांबद्दल भांडायला आलेले पालक शिक्षकांनी खूप पाहिलेले असतात, हा प्रश्न त्यांना कमी वेळा ऐकायला मिळतो. पालकांना मुलाच्या प्रगतीबद्दल भेटून सांगणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकाच्या कर्तव्यांत लिहिलेलंच आहे, पण ते कलम खिशात ठेवा. बोलताना काढू नका, लागणार नाही.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. आठवून लिहायला लावलं की लक्षात जास्त राहतं, हे संशोधनातून नीट दिसलेलं आहे. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. पण त्यासाठी वीस पानी पेपर, पर्यवेक्षक आणि ऑनलाइन गुण लागत नाहीत. रात्री जेवताना वडिलांनीच विचारावं, ‘आज शाळेत काय झालं ते पुस्तक न बघता सांग.’ एवढी परीक्षा रोज झाली तर मी त्यांच्या बाजूची आहे. त्यांना माझा निरोप सांगा.

गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज? लगेच नको. तुमच्या हातात त्याआधीची पायरी आहे आणि ती अर्जापेक्षा मजबूत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. अनेक गावांत ती समिती सह्यांपुरती उरलेली असते, हे मला माहीत आहे. रजिस्टर घरोघर फिरतं, बाया चुलीपुढून उठून सही करतात आणि बैठक झाली असं लिहिलं जातं. तुम्ही सदस्य नसलात तरी सदस्य असलेल्या एखाद्या आईला सोबत घ्या, मुख्याध्यापकांना आधी सांगून विषय विषयपत्रिकेत घालून घ्या. रिकाम्या हाताने जाऊ नका. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर महिनाभर रोज संध्याकाळी मुलांना विचारून दोन शब्द लिहा: आज काय शिकवलं, पेपर होता की सराव, खेळाचा तास झाला का. दोन्ही मुलांचं वेगळं. ‘फार चाचण्या होतात हो’ म्हटलं की चर्चा हवेत जाते. ‘या महिन्यात पाचवीला परिसर अभ्यासाचे इतके तास झाले आणि दुसरीला इतके दिवस शिक्षक नव्हते’ म्हटलं की कुणालाही बोलायला जागा राहत नाही.

बैठकीत मागायचं ते थोडकं आणि शाळेला करता येण्यासारखं मागा. पायाभूतचा सराव नको, संकलितचा सराव वेगळा आठवडा काढून न घेता रोजच्या शिकवण्यात घ्यावा. पेपर संपल्यावर उरलेल्या वेळात परिसर अभ्यास, खेळ, वाचन घ्यावं, कारण तीनच विषयांची चाचणी असल्याने नेमके बाकीचे विषय मार खातात. पहिली-दुसरीची सोय करावी, त्यासाठी गावातून माणूस आम्ही देतो. आणि प्रत्येक फेरीनंतर पालकांना उत्तरपत्रिका दाखवाव्यात. जे ठरेल ते इतिवृत्तात लिहून घ्या, ही गोष्ट आग्रहाने करा. दोन महिन्यांनीही काहीच हललं नाही, तर त्या इतिवृत्ताची प्रत घेऊन आधी केंद्रप्रमुखांकडे आणि मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. तेव्हा ती एका आईची तक्रार राहत नाही, समितीचा ठराव असतो.

माझं मत विचाराल तर राज्याच्या वर्षाला तीन फेऱ्या जास्त आहेत. पायाभूत ठेवावी, वर्षाअखेरची ठेवावी, मधली शाळेवर सोडावी. राज्यातल्या शिक्षणाची तब्येत कशी आहे हे बघायला प्रत्येक मुलाचा पेपर घ्यावाच लागतो असंही नाही. केंद्र सरकारने २०१७ आणि २०२१ मध्ये केलेलं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि डिसेंबर २०२४ मधलं ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यांकन केंद्राचं सर्वेक्षण ही निवडक शाळांतल्या निवडक मुलांवरच झाली. ‘परख’ तिसरी, सहावी आणि नववीसाठी होतं. अशा सर्वेक्षणात मुलाला वैयक्तिक गुणपत्रिका नसते, त्यामुळे पुढच्या वर्षी सहावीत गेल्यावर कुणी त्याचीही ‘तयारी’ करून घ्यायला लागलं, तर त्याने मुलीचं काही साधणार नाही हे लक्षात असू द्या.

क्लासबद्दल थोडक्यात. तालुक्याच्या क्लासमध्ये काय होणार? आणखी चाचण्या. प्रवासात रोजचा तास-दीड तास जाईल तो वेगळाच. ज्याची तक्रार करताय तेच पैसे मोजून विकत घेऊ नका. तोच वेळ मुलीला परिसर अभ्यासाचं पुस्तक घेऊन धाकट्या भावाला गोष्टीसारखं वाचून दाखवायला द्या. अश्मयुगानंतर शेती आली, गावं वसली, हे धडे पाचवीच्या मुलांना आवडतात. तिचा मागे पडलेला भाग भरून निघेल आणि दुसरीतल्या मुलाच्या कानावर चांगलं मराठी पडेल. मध्ये मध्ये त्याला एखादी ओळ वाचायला लावा, अडला तर ताईने सांगावं.

राहिलं नवोदय. ती परीक्षा पाचवीत द्यायची असते, सहावीच्या प्रवेशासाठी, आणि एका विद्यालयात साधारण ८० जागा असतात. ती ऐच्छिक आहे. शाळेच्या वेळेत सगळ्या वर्गाला तिचा सराव होत असेल तर तो जादा तासात, शाळा भरण्याआधी, ज्यांनी फॉर्म भरलाय त्यांचाच व्हावा, हाही मुद्दा बैठकीत घ्या. मुलीला बसवायचं का, हे ठरवण्याआधी तिला सांगा की निवड झाली तर घर सोडून वसतिगृहात राहावं लागेल. हे बऱ्याच मुलांना निकाल लागेपर्यंत कुणी सांगितलेलंच नसतं. ती हो म्हणाली तर जरूर फॉर्म भरा. नाही म्हणाली तर या वर्षी भरू नका, आणि तो सरावाचा वेळ तिला खेळायला द्या.

तुमची,
सदरलेखिका